पसंतीक्रमाचे मतदान: दुसऱ्या पसंतीचा आकडा निकाल कसा आणि केव्हा फिरवतो

जुलै २०२४ मध्ये नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाची मोजणी झाली, तेव्हा पहिल्या पसंतीची सगळी मते मोजून संपली तरी कोणीही निवडून आलेले नव्हते. किशोर दराडे आघाडीवर होते, विवेक कोल्हे आणि संदीप गुळवे त्यांच्या मागे होते. पण या पद्धतीत आघाडी म्हणजे विजय नसल्यामुळे तळाचा एकेक उमेदवार बाद करत, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाचत मोजणी चालूच राहिली आणि त्यानंतर दराडे विजयी झाले. त्या काळात आमच्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच प्रश्न फिरत होता: ‘पुढे आहेत, तर निकाल का लागत नाही?’ ज्यांनी स्वतः त्या मतपत्रिकेवर आकडे लिहिले होते, तेच हा प्रश्न विचारत होते, म्हणून हा लेख.

लोकसभेला किंवा विधानसभेला आपण एक बटण दाबतो आणि ज्याला सर्वाधिक मते पडतात तो निवडून येतो, मग त्याच्या विरोधात पडलेली मते कितीही असोत. पसंतीक्रमात मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो आणि एकच जागा असेल तर निवडून येण्यासाठी निम्म्याहून अधिक वैध मतांचा कोटा, म्हणजे ठरावीक आकडा, गाठावा लागतो. ही पद्धत आपल्याला परकी नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा, तसेच विधान परिषदेच्या आमदारांमधून, स्थानिक संस्थांमधून, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून भरल्या जाणाऱ्या जागा या सगळ्या निवडणुका याच पद्धतीने होतात. खानदेशातला सामान्य मतदार तिला थेट भेटतो तो शेवटच्या दोन ठिकाणी, आणि या दोन्ही मतदारसंघांत जळगाव, धुळे व नंदुरबारबरोबर नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हेही येतात.

मतपत्रिका भरताना

इथे यंत्र नसते, कागदी मतपत्रिका असते आणि तिच्यावर केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचे असते. स्वतःच्या खिशातला पेन कितीही चांगला असला तरी तो बाहेर काढू नये, कारण वेगळ्या साधनाने केलेली खूण मत बाद करते. आपल्या पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढच्या रकान्यात १ हा आकडा लिहावा. तो आकडा आंतरराष्ट्रीय, रोमन किंवा कोणत्याही भारतीय भाषेतल्या लिपीतला चालतो. मात्र ‘एक’ असे अक्षरात लिहिलेले चालत नाही. बरोबरची खूण, फुली, सही, आद्याक्षरे यांपैकी काहीही नको. १ हा आकडा लिहिलाच नाही, दोन नावांपुढे लिहिला, किंवा एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही लिहिले, तर मत अवैध होते. पहिली पसंती देणे बंधनकारक आहे, पुढच्या पसंती ऐच्छिक आहेत. पण द्यायच्या असतील तर ओळीने द्याव्यात, कारण २ वगळून थेट ३ लिहिला तर मोजणी करणारा त्या जागी थांबतो आणि पुढचे काहीही वाचत नाही.

या टप्प्यावर सर्वांत जास्त गोंधळ एका शंकेने होतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ती अहिराणीत नेमकी मांडली होती: ‘दुसरा आकडा टाका म्हंजे पहिलाना जोर कमी व्हस ना, भाऊ?’ एका जागेच्या निवडणुकीत असे अजिबात होत नाही. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार मैदानात आहे तोवर तुमची मतपत्रिका पूर्ण किमतीने त्याच्याच गठ्ठ्यात राहते, आणि तो बाद झाल्यानंतरच कोणी दुसरा आकडा पाहतो. ‘फक्त एक नंबर द्या, बाकी काही लिहू नका’ हा सल्ला म्हणूनच मला मतदाराच्या हिताचा वाटत नाही. आपली मते दुसऱ्याला जाऊ नयेत ही काळजी उमेदवाराची असते. मतदाराचे त्यात नुकसान एवढेच, की त्याचा उमेदवार पडला तर उरलेल्यांपैकी कोण निवडून यावा या प्रश्नावर तो गप्प बसलेला असतो.

मोजणी एकदा हाताने करून पाहा

कितीही समजावले तरी ही मोजणी हाताखालून गेल्याशिवाय कळत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून एका प्रशिक्षण वर्गात आम्ही सहलीचे ठिकाण याच पद्धतीने ठरवले. चार नावे होती: तोरणमाळ, पाटणादेवी, उनपदेव आणि मनुदेवी. ६१ मतपत्रिका जमा झाल्या. त्यातल्या एकीवर आकड्याऐवजी बरोबरची खूण होती. ती लिहिणारे गृहस्थ गणिताचे शिक्षक निघाले आणि दिवसभर त्यांना कोणी सोडले नाही. वैध मते ६० राहिली. कोटा काढण्याची रीत अशी, की वैध मतांना दोनने भागावे, बाकी उरली तर सोडून द्यावी आणि एक मिळवावा. इथे तो ३१ आला.

पहिल्या पसंतीची मते अशी पडली: तोरणमाळ २४, पाटणादेवी १९, उनपदेव १०, मनुदेवी ७. लोकसभेची रीत असती तर इथेच तोरणमाळ ठरले असते, जरी ३६ जणांनी त्याला पहिली पसंती दिलेली नव्हती.

कोणीही ३१ गाठले नव्हते, म्हणून सर्वांत कमी मतांची मनुदेवी बाद झाली. तिच्या ७ मतपत्रिका उघडून पुढची पसंती पाहिली, तेव्हा ५ उनपदेवला गेल्या, १ पाटणादेवीला गेली आणि एकीवर १ शिवाय काहीच नव्हते. ती मतपत्रिका तिथेच संपली आणि बाजूला ठेवली गेली. आता तोरणमाळ २४, पाटणादेवी २० आणि उनपदेव १५ असे चित्र झाले.

पुढच्या फेरीत उनपदेव बाद झाले. त्याच्या १५ मतपत्रिकांत ५ मुळात मनुदेवीच्या होत्या, म्हणून त्यांच्यावरची तिसरी पसंती पाहावी लागली, आणि एखाद्या कागदावरचा पुढचा आकडा आधीच बाद झालेल्या मनुदेवीपुढे असला तर तो ओलांडून त्याच्या पुढचा घ्यावा लागला. १० मतपत्रिका पाटणादेवीला गेल्या, २ तोरणमाळला आणि ३ संपल्या. पाटणादेवी ३०, तोरणमाळ २६. कोटा ३१ होता आणि तो कोणीच गाठला नाही, कारण एकूण ४ मतपत्रिका वाटेत संपलेल्या होत्या. अशा वेळी दोघांतला कमी मतांचा बाद होतो आणि एकटा उरलेला उमेदवार कोटा न गाठताही निवडून आल्याचे जाहीर होते. पाटणादेवी जिंकली. ‘या पद्धतीत विजेत्याला नेहमी पन्नास टक्क्यांहून जास्त मते मिळतात’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ती टक्केवारी शेवटच्या फेरीपर्यंत जिवंत राहिलेल्या मतांची असते, पडलेल्या सगळ्या मतांची नसते.

वर्ग संपल्यावर आम्ही एक जास्तीचा उद्योग केला आणि या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट त्यातच सापडली. तोरणमाळच्या २४ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजणीत कधीच वाचली गेली नव्हती, कारण तोरणमाळ शेवटपर्यंत टिकले. आम्ही ती वाचली, तर जवळजवळ सगळ्यांवर २ हा आकडा उनपदेवपुढे होता. पाटणादेवीच्या कागदांवरही बहुतेक तसेच होते. म्हणजे उनपदेव आणि तोरणमाळ अशी सरळ लढत लावली असती तर उनपदेव जिंकले असते, आणि उनपदेव व पाटणादेवी अशी लावली असती तरीही तेच जिंकले असते. पण सर्वांची दुसरी आणि थोड्यांची पहिली पसंती असलेले हे ठिकाण मधल्या फेरीतच बाद झाले. दोन्ही बाजूंना चालणारा उमेदवार पहिल्या पसंतीत कमी पडतो आणि चिरडला जातो, हा या पद्धतीचा खरा दोष आहे, आणि तिची भलामण करणारे तो सहसा सांगत नाहीत.

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात हेच घडले. त्या राज्याने २०२० मध्ये पसंतीक्रम स्वीकारला आणि ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेरी पेल्टोला यांच्यासमोर सारा पेलिन आणि निक बेगिच असे रिपब्लिकन पक्षाचे दोन उमेदवार होते. तिसऱ्या क्रमांकावरचे बेगिच बाद झाले आणि पेल्टोला निवडून आल्या. मतपत्रिका नंतर तपासल्या तेव्हा दिसले, की बेगिच या दोघींपैकी कोणाशीही सरळ लढतीत जिंकले असते.

निकाल प्रत्यक्षात कधी फिरतो

बहुतेक निवडणुकांत पहिल्या फेरीत पुढे असलेलाच शेवटी जिंकतो, हे आधी लक्षात घ्यावे. निकाल फिरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आघाडीचा उमेदवार कोट्यापासून बराच दूर असला पाहिजे, त्याच्या आणि दुसऱ्याच्या मतांतले अंतर बाद होणाऱ्यांच्या मतांपेक्षा कमी असले पाहिजे आणि बाद होणाऱ्यांचे मतदार एका बाजूला झुकलेले असले पाहिजेत. आयर्लंडच्या १९९० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ब्रायन लेनिहन यांना पहिल्या पसंतीची ४४ टक्के आणि मेरी रॉबिन्सन यांना ३९ टक्के मते होती. तिसऱ्या क्रमांकावरचे ऑस्टिन करी बाद झाल्यावर त्यांची बहुतांश मते रॉबिन्सन यांच्याकडे वळली आणि त्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१८ मध्ये ब्रूस पॉलिक्विन पहिल्या फेरीत २,१७१ मतांनी पुढे होते आणि अखेरीस जॅरेड गोल्डन ३,५०९ मतांनी जिंकले.

आपल्याकडे निकाल फिरता फिरता राहिल्याचे मोठे उदाहरण १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीचे आहे. तिथे खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते, आणि कोटा ४,१८,१६९ मतमूल्याचा होता. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. देशमुख व इतर बाद झाल्यावर त्यांच्या मतांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला आणि त्यांची बेरीज ४,०५,४२७ झाली, तर गिरींना केवळ साडेअठरा हजारांची भर पडून ते ४,२०,०७७ वर पोहोचले. तेवढी भर त्यांना पुरली. याउलट २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा भैरोंसिंह शेखावत हे एकच प्रतिस्पर्धी असल्यामुळे दुसरी पसंती वाचण्याचा प्रश्नच आला नाही.

इथे एक मोह टाळावा. २०२४ च्या लोकसभेत धुळ्याची जागा काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी ३,८३१ मतांनी जिंकली आणि उरलेल्या उमेदवारांच्या मतांची बेरीज या फरकाहून कितीतरी जास्त होती. तेवढ्यावरून ‘पसंतीक्रम असता तर निकाल उलटा लागला असता’ असे म्हणणारे चहाच्या टपरीवर भरपूर भेटतील, पण त्या मतदारांची दुसरी पसंती कोणती होती हे कोणीही विचारलेले नाही. शिवाय पद्धत बदलली की उमेदवारही बदलतात, त्यामुळे जुने आकडे नव्या नियमात बसवून काढलेल्या उत्तराला फारसा अर्थ नसतो.

पक्ष कसे बदलतात

पद्धतीचा उगमच पक्षांच्या गरजेत आहे. ऑस्ट्रेलियात १९१८ मध्ये स्वान इथल्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्या विरोधातली मते विभागली गेली आणि सुमारे ३४ टक्के मतांवर मजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला. घाबरलेल्या सत्ताधाऱ्यांनी त्याच वर्षी पसंतीक्रमाचा कायदा केला, म्हणजे आपल्या बाजूचे दोघे उभे राहिले तरी मते शेवटी एकत्र यावीत. पहिला परिणाम हाच: मतविभागणीची भीती कमी होते. म्हणजे बंडखोराला बसवण्याची घाई कमी होते, ‘मत वाया घालवू नका’ हा प्रचार बोथट होतो आणि एका आघाडीतले दोन पक्ष एकाच जागेवर मैत्रीपूर्ण लढत देऊ शकतात. नाशिकच्या दोन्ही मतदारसंघांत अपक्षांना मिळणारे बळ पाहिले तर हे पटते, पण त्याचे सगळे श्रेय पद्धतीला देता येणार नाही. २०२३ मध्ये पदवीधर मतदारसंघातून सत्यजित तांबे अपक्ष म्हणून निवडून आले आणि महाविकास आघाडीने पाठिंबा दिलेल्या धुळ्याच्या शुभांगी पाटील पराभूत झाल्या. मतपत्रिकेवर पक्षचिन्ह नसते आणि मतदार संस्था, संघटना, नातेगोते यांच्या जाळ्यात असतो. हेही तितकेच कारण आहे.

दुसरा परिणाम म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराकडेही जावे लागते. ज्याच्याकडून २ हा आकडा हवा आहे, त्याच्या आवडत्या उमेदवाराला शिव्या घालून चालत नाही. याने प्रचार सभ्य होतो असे म्हणतात. मी म्हणेन की तो सावध होतो. दुसऱ्या पसंतीची मागणी उघड झाली तर ती अंगावरही येते. १९६९ मध्ये काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली आणि इंदिरा गांधींच्या गटाने तीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध वापरली. मत मागितले ते दुसऱ्या क्रमांकाचे, पण आरोप झाला तो हातमिळवणीचा, आणि त्याच वर्षी पक्ष फुटला.

तिसरा परिणाम छोट्या पक्षांवर होतो, आणि तिथे अपेक्षाभंग फार आहे. एकच जागा असलेल्या मतदारसंघात छोट्या पक्षाला मते मिळतात, मान मिळतो, सौदा करण्याची ताकद मिळते. जागा मात्र क्वचितच मिळते. ऑस्ट्रेलियात १९५५ च्या फुटीनंतर निघालेल्या डेमोक्रॅटिक लेबर पक्षाने कनिष्ठ सभागृहात जागा न जिंकताही आपल्या पसंतीक्रमाच्या जोरावर मजूर पक्षाला वर्षानुवर्षे सत्तेबाहेर ठेवले. पक्ष तिथे मतदाराच्या हातात क्रम लिहिलेले कार्ड देतात आणि त्या कार्डावर दुसरे नाव कोणाचे यावर वाटाघाटी होतात. नकोशा उमेदवाराची कोंडीही अशीच होते: १९९८ मध्ये पॉलिन हॅन्सन ब्लेअर मतदारसंघात पहिल्या पसंतीत पुढे होत्या, पण प्रमुख पक्षांनी त्यांना शेवटी ठेवले आणि त्या हरल्या. जागांचे प्रमाणही मतांच्या प्रमाणात येत नाही. २०२५ मध्ये मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची सुमारे ३४.६ टक्के मते आणि १५० पैकी ९४ जागा मिळाल्या.

एकाहून अधिक जागा असतील तर

आयर्लंडमध्ये छोटे पक्ष आणि अपक्ष संसदेत दिसतात ते केवळ पसंतीक्रमामुळे नव्हे, तर एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जातात म्हणून. आपली राज्यसभा याच जातीची आहे. इथे कोट्यावरची जादा मतेही पुढे सरकतात आणि पक्षाचे खरे कसब तिथे दिसते.

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून ६ जागांसाठी ७ उमेदवार होते. वैध मते २८४ ठरली. प्रत्येक मताची किंमत १०० धरतात, म्हणून एकूण २८,४००. त्याला जागा अधिक एक म्हणजे ७ ने भागून एक मिळवला की कोटा ४,०५८ येतो, बोलीभाषेत ४०.५८ मते. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८, भाजपचेच धनंजय महाडिक यांना २७ आणि शिवसेनेचे संजय पवार यांना ३३ मते पडली. पहिल्या पसंतीत पवार महाडिकांच्या ६ मतांनी पुढे होते. परंतु गोयल यांच्या ४,८०० मधून कोटा वजा केला की ७४२ उरतात आणि बोंडे यांचेही तेवढेच उरतात. हे जादा मूल्य मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीनुसार वाटले गेले आणि महाडिक कोट्यापलीकडे गेले. पवारांच्या बाजूच्या उमेदवारांना ४४, ४३ आणि ४१ मते होती, म्हणजे त्यांच्याकडे वाटण्याजोगे जादा मूल्य फारच थोडे होते. कोणत्या आमदाराने १ कोणाला आणि २ कोणाला द्यायचा हे आधी कागदावर मांडूनच मतदान करवून घेतले जाते. राज्यसभेत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेत मतदान गुप्त असते, म्हणून तिथे हेच गणित जास्त वेळा फसते.

नाव यादीत आहे का

हे सगळे समजूनही मतदानाच्या दिवशी परत फिरलेले पदवीधर मी पाहिले आहेत. या मतदारसंघांची यादी दर निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या खेपेला मत दिले होते या आधारावर नाव राहत नाही. पदवीधराने नमुना १८ आणि शिक्षकाने नमुना १९ भरायचा असतो. पदवीधराची पदवी अर्हता दिनांकाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, किमान तीन वर्षे आधी मिळालेली हवी; शिक्षकाने त्या तारखेपूर्वीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवलेले हवे. आमदारकीची मुदत सहा वर्षांची असल्याने नेहमीच्या क्रमाने नाशिक पदवीधरची पुढची निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला येते, म्हणजे तिची नोंदणी २०२८ च्या दिवाळीच्या सुमारास असेल आणि सुट्टीला गावी जाण्याच्या गडबडीतच तो अर्ज भरून द्यावा लागेल.